भाजीचा टाको आणि पाट्यावरची बाई

मार्चमधल्या एका रविवारी माझी भाची दोन पिशव्या घेऊन घरी आली आणि म्हणाली, "मावशी, आज तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. मी टाको करतेय. बिनमांसाचे, नुसत्या भाज्यांचे. अर्ध्या तासात होतात." पाकिटावर तसं छापलेलंच होतं. पिशवीत मक्याच्या कडक, मधोमध दुमडलेल्या पुऱ्यांचा खोका, मसाल्याची पुडी, चीज, तीन रंगांच्या ढोबळ्या मिरच्या असा सगळा सरंजाम. बिलाचा आकडा मी मुद्दामच विचारला नाही.

अडीच तासांनी आम्ही जेवायला बसलो. पहिल्याच घासाला पुरी तडकली आणि भाजी मांडीवर पडली. चव म्हणाल तर जिरं आणि मीठ. जावयांनी ताटाचा फोटो काढला, "मस्त झालंय" म्हणाले आणि हात धुऊन बाहेर जाऊन बसले. मोरीत तीन कढया, मिक्सरची दोन भांडी, किसणी आणि चीज चिकटलेला तवा. आठवडाभर नोकरी करून दमलेली माझी भाची बाह्या सरसावून घासायला लागली, मी शेजारी उभी राहून विसळायला लागले. तिथं मोरीपाशीच मला प्रश्न पडला: हा जो अर्धा तास छापला आहे, तो कोणाचा?

त्यानंतर टाकोबद्दल मिळेल ते वाचत गेले. आमच्या गटात तो करूनही पाहिला. घरी, मांसाशिवाय, उत्तम चवीचा टाको होतो, अगदी नक्की होतो. तो कसा, ते पुढे सांगणारच आहे. पण त्याची चव कुठून येते हे शोधायला गेलं की वाट थेट पाट्यावर वाकलेल्या बाईपाशी जाऊन पोचते. तिला वगळून पाककृती लिहिणं मला जमणार नाही.

आधी त्या 'बिनमांसाच्या' शब्दाचा निकाल लावू या. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की मागोमाग सोवळं येतं, 'आमच्यात चालत नाही' येतं, भाड्याच्या घराच्या जाहिरातीतली अट येते. भाजीचा टाको या रांगेत नेऊन बसवू नका, त्याचं कूळ निराळं आहे. मेक्सिकोतल्या शेताची जुनी रीत म्हणजे मिल्पा. एकाच वावरात मका, त्याच्या ताटाला धरून चढणारा घेवडा आणि खाली जमीन झाकणारा भोपळा. कडेनं आपोआप उगवणाऱ्या पालेभाज्या, त्यांना केलितेस म्हणतात. त्यांत आपल्या राजगिऱ्याची, चाकवताची भावंडं आहेत आणि घोळही आहे. निवडुंगाची कोवळी पानं, म्हणजे नोपाल, काटे काढून भाजतात. मक्याच्या कणसावर काणी पडली की आपला शेतकरी कपाळाला हात लावतो. तिकडे तीच काणी हुइत्लाकोचे म्हणून कांदा-मिरचीवर परततात आणि तिला चांगला भाव येतो. हे सगळं तोर्तियात गुंडाळलं की झाला टाको. पाकिटावर टॉर्टिला लिहितात, तीच ही तोर्तिया, मक्याची पातळ मऊ भाकरी.

तिथले मूळ लोक मांस खात नव्हते असं मुळीच नाही. टर्की, हरीण, मासे, किडेसुद्धा खात. पण गाय, डुक्कर, बकरी आणि कोंबडी आली ती सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर. गरिबाच्या रोजच्या टाकोत घेवडा, मिरची आणि मीठ असे, कारण तेच हाताशी असे. पुढे कॅथलिक उपवासकाळातही मांस वर्ज्य झालं. आमच्या वसईच्या मैत्रिणींना ते चाळीस दिवस चांगले ठाऊक आहेत. घेवडा डुकराच्या चरबीत परतण्याची रीत तर आजही घरोघरी आहे, तेव्हा 'शुद्ध' वगैरे शब्द तिकडे लावायला जाऊ नये. आणि आपल्याकडे तरी कुठे लावायचे? एकादशीच्या ताटातला बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद, राजगिरा, सगळे अमेरिका खंडातून आलेले. राजगिऱ्याच्या लाह्यांची वडी मेक्सिकोत आलेग्रिया नावाने रस्त्यावर मिळते. त्या शब्दाचा अर्थ आनंद. आपण तीच वडी उपास म्हणून खातो.

आता चवीकडे येते. भाचीची पुरी तडकली, कारण ती अमेरिकेत रूढ झालेली तळलेली घडी होती. मेक्सिकोतला टाको बहुधा मऊ तोर्तियाचा असतो. मऊपणाचं गुपित चुन्यात आहे. आपण मक्याचं कोरडं पीठ मळून भाकरी थापतो. ती खरपूस लागते, पण दुमडली की भेगाळते. मेक्सिकोतल्या बायका निदान तीन हजार वर्षांपासून मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून साल काढतात आणि ओलाच वाटतात. याला निश्तमाल म्हणतात, शब्द नाहुआत्ल भाषेतला. चुन्यानं दाण्याचं साल सुटतं, वाटलेला गोळा चिकट होतो आणि मक्याला तो खास वास येतो. टाकोची निम्मी चव तिथंच तयार झालेली असते, मग आत काहीही भरा.

या चुन्याचं आणखी एक काम आहे. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या अवस्थेत असतं, ते चुन्यामुळे सुटं होऊन अंगी लागतं. युरोपीय लोकांनी मका जहाजातून नेला, पण तो रांधायची रीत नेली नाही. ती त्यांना न्यावीशी वाटलीच नाही, कारण ती बायकांच्या चुलीपाशी होती, आणि चुलीपाशी असतं ते ज्ञान हे कुणाच्या गावीही नव्हतं. परिणाम काय झाला? उत्तर इटलीत मक्यावरच जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पेलाग्रा पसरला. कातडी सोलवटते, जुलाब लागतात, शेवटी भ्रम होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागातही हजारो माणसं त्याने गेली. डॉक्टर रोगजंतू शोधत राहिले. मेक्सिकोतली निरक्षर बाई रोज रात्री मक्यात चुना टाकतच होती.

ज्ञान तिचं होतं, तसं राबणंही तिचंच होतं. मेताते म्हणजे तीन पायांचा, जरा उतरता दगडी पाटा. त्याच्यापुढे गुडघे टेकून, मानो नावाचा दगडी लाटा दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढत निश्तमाल वाटायचा. ओला गोळा टिकत नाही, आंबतो, म्हणून वाटण रोजचं. मोठ्या घरात त्याला चार-पाच तास लागत. भल्या पहाटे उठायचं, वाटायचं, थापायचं, भाजायचं आणि पुरुष शेतावर निघायच्या आत गरम तोर्तिया फडक्यात बांधून द्यायची. आपल्याकडे पहाटेच्या जात्यावर बायकांनी लाखावर ओव्या गायल्या, त्या हेमा राईरकर आणि गी प्वात्वाँ यांनी जमवल्या म्हणून आपल्याला त्या दळणाऱ्या बायकांचं मन कळलं. मेतातेवरच्या बाईचं गाणं माझ्या वाचनात आलं नाही. तिच्या दुखऱ्या गुडघ्यांबद्दल मात्र पुष्कळ वाचलं.

मग आली गिरणी, मोलिनो. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत निश्तमाल वाटायच्या यंत्रगिरण्या शहरांतून खेड्यांत गेल्या. आता वाटेल की सगळ्यांना आनंद झाला असेल. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला तेपोस्त्लान नावाचं गाव आहे. ऑस्कर लुईस या मानववंशशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये तिथे अभ्यास केला, पुस्तक १९५१ साली आलं. १९२० च्या दशकात तिथे गिरणी आली तेव्हा पुरुषांनी विरोध केला, असं त्याने नोंदवलंय. गिरणीच्या पिठाची तोर्तिया चवीला चांगली नाही म्हणे. आणि बायकांना एवढा मोकळा वेळ मिळाला तर त्या गप्पा छाटतील, नको त्या वाटेला लागतील. बायका आधी लपूनछपून गेल्या, मग उघड गेल्या आणि गिरणी टिकली. पुरुषांच्या सत्तेविरुद्ध बायकांनी केलेली क्रांती, असं गावात तिच्याबद्दल म्हणत.

हे वाचून मी मोठ्याने हसले. पिठाला चव नाही! आपल्याकडेही घरातल्या बाईचे श्रम कमी करणारं काहीही आलं की पहिली तक्रार चवीचीच असते. मिक्सरमधलं वाटण 'पाट्यावरच्यासारखं' नसतं. कुकरचा भात 'पातेल्यातल्यासारखा' नसतो. ही तक्रार करणाऱ्यानं पाटा कधी धुतलेलासुद्धा नसतो.

लासारो कार्देनास अध्यक्ष होते त्या काळात, १९३४ ते १९४०, खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांच्या संघटनांनी सरकारकडे मागण्या धाडल्या. शाळा पाहिजे, पाणी पाहिजे आणि गिरणी पाहिजे. पुष्कळ ठिकाणी गिरणी मिळाली, पण ती चालवायची कुणी यावरून भांडण लागलं. गावच्या पुढाऱ्यांना तिची मिळकत दिसली. बायकांनी सहकारी गिरण्या काढल्या, हिशेब ठेवले, यंत्र बिघडलं की दुरुस्त करून घेतलं. मतदानाचा हक्क तिथल्या स्त्रियांना देशपातळीवर मिळाला १९५३ साली. त्याच्या कितीतरी आधी त्या गिरणीच्या कारभाराचा हक्क मागत होत्या. बचत गटाची गिरणी कुणाच्या नावावर करायची यावरून ज्यांनी गावात भांडण केलंय, त्या मैत्रिणींना यातलं काही समजावून सांगायला नको.

गिरणीनंतर तयार तोर्तियाची दुकानं आली, निश्तमालाचं कोरडं पीठ पाकिटात आलं. गुडघे सुटले हे खरंच. मात्र पाटा सुटला तसा मक्यावरचा ताबाही हळूहळू सुटला. १ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका आणि कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापाराचा करार लागू झाला आणि अमेरिकेचा स्वस्त मका आत येऊ लागला. चियापासमध्ये सापातिस्तांनी उठावासाठी नेमका तोच दिवस निवडला होता. १९९९ पासून तोर्तियाच्या भावावरचं सरकारी नियंत्रण उठलं. २००७ च्या जानेवारीत भाव भडकले तेव्हा मेक्सिको शहरात हजारो माणसं रस्त्यावर आली. ते वाचताना मला १९७२-७३ ची मुंबई आठवली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन निघालेल्या बायका. भाकरी महाग झाली की पहिला चटका कुणाला बसतो हे दोन्हीकडच्या बायकांना ठाऊक आहे.

हे सगळं वाचून काही जणी म्हणतील, तर मग पुन्हा मेतातेकडेच जाऊ या. हल्ली मोठ्या शहरांतल्या महागड्या हॉटेलांत दगडावर वाटलेल्या मक्याचं कौतुक चालतं, तसंच आपल्याकडे जात्यावरच्या पिठाचं. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला वारशाचा मान दिला, मिचोआकानच्या स्वयंपाकिणींची नावं झाली. त्याचा मला आनंदच आहे. पण वारसा म्हणून ज्याची आरती ओवाळायची ते काम रोज कुणी करायचं, हे आरतीच्या वेळी कुणी विचारत नाही. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकामासाठी बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषाची ८८ मिनिटं निघाली, तीही जे पुरुष घरकाम करतात तेवढ्यांचीच. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बाईची दहा मिनिटं कमी झाली तर पुरुषाचीही नऊ झाली! अशा घरात 'जगभरचे पदार्थ आता घरीच' हे वाक्य पाहुणा म्हणून येत नाही, कामाची आणखी एक पाळी म्हणून येतं. पोळी-भाजी सुटत नाहीच. टाको तिच्यावर आणखी चढतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की टाको करायचा तर तो एकटीनं करायचाच नाही. मुळात तो चारचौघांचा पदार्थ आहे. तोर्तिया एका वेळी एकच खायची, तीही गरम. एकटी बाई भाजत राहिली तर शेवटी ती एकटीच जेवते, आपल्या पुरणपोळीसारखी.

आता करायची रीत. सुका मका किराणा किंवा धान्याच्या दुकानातून आणा. बियाण्याचा आणू नका, त्याला औषध लावलेलं असतं. एक किलो मक्याला साधारण दहा ग्रॅम खाण्याचा कोरडा चुना आणि तीन लिटर पाणी. पानाचा ओला चुना असेल तर थोडा जास्त. घराला लावायचा चुना मुळीच नको. भांडं स्टीलचं घ्या, अॅल्युमिनियम चुन्यानं खराब होतं. मंद आचेवर पाऊण तास उकळू द्या. दाणा बोटांत धरून चोळला की साल सुटायला हवं आणि आत जरा कच्चा राहायला हवा. रात्रभर त्याच पाण्यात ठेवा. सकाळी तीन-चार पाण्यांतून चोळून धुवा आणि इडलीच्या ओल्या ग्राइंडरमध्ये, पाणी अगदी शिंपडत, वाटा. मिक्सरला पाणी जास्त लागतं, मग गोळा सैल होतो. तसा झाला तर थोडं मक्याचं पीठ मिसळा, चव जराशी उतरते एवढंच. लिंबाएवढी गोळी करून दुधाची पिशवी कापून धुतलेल्या दोन तुकड्यांत ठेवायची आणि जड सपाट पातेल्याने दाबायची. तापलेल्या कोरड्या तव्यावर टाकायची, दोनदा उलटायची, फुगली की फडक्यात गुंडाळून टोपलीत. टोपलीतल्या वाफेनं ती मऊ राहते. तेल लागत नाही.

सारणाचं सूत्र सोपं आहे: शिजवण्यापेक्षा भाजण्यावर भर द्या. टोमॅटो, कांदा, न सोललेला लसूण आणि मिरच्या कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून, मीठ घालून पाट्यावर किंवा खलात भरड वाटा. ही त्यांची साल्सा. ठेचा करणाऱ्या बाईला ही कुणी शिकवायला नको. घेवड्यासाठी साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा फार चांगला. मऊ शिजवून, कांदा-लसणावर परतून डावानं घोटायचा. मोठ्या, कमी तिखट हिरव्या मिरच्या विस्तवावर काळ्या करून, साल काढून, उभ्या चिरायच्या आणि कांद्याबरोबर परतून वर चमचाभर साय. त्यांच्याकडे याला राहास म्हणतात. भोपळ्याची फुलं मिळाली तर देठाचा काटेरी भाग काढून कांदा-मिरचीवर दोन मिनिटं वाफवा. आळिंबीही चालते, तिचं पाणी पूर्ण आटेपर्यंत मोठ्या आचेवर परता. वर कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. मसाल्याच्या पुडीची गरज कुठेच लागली नाही हे लक्षात आलं असेल. चीजही हवंच असं नाही.

गटाच्या जूनच्या बैठकीला आम्ही पंधरा जण होतो, अकरा बायका आणि चार पुरुष. नवरे आणि मुलगे येतील तर कामाला येतील, हे आधीच कळवलं होतं. मी हट्टाने एक किलोतला अर्धा मका पाट्यावर वाटायला लावला आणि तो पाटा चौघा पुरुषांच्या पुढे ठेवला. त्यांत एक जण निवृत्त एसटी चालक, चांगले धट्टेकट्टे. दहाव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, "अजून किती राहिलंय?" चौघांना आळीपाळीने सव्वा तास लागला. ग्राइंडरमधला अर्धा तोवर केव्हाच वाटून झाला होता. दोन्ही पिठांच्या तोर्तिया वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवल्या आणि कुणाला सांगितलं नाही कोणत्या कशाच्या. पंधरापैकी सहा जणांना फरक कळला, नऊ जणांना कळला नाही. एसटीवाले काका नवांत होते.

भाचीही आली होती, जावयांसकट. जावई तव्यापुढे उभे होते आणि सगळ्यांत शेवटी जेवले. भांडी पाळीने घासली, पाटा मात्र ज्यांनी वाटलं त्यांनीच धुतला. पुढच्या बैठकीसाठी आदल्या रात्री मका चुन्यात शिजवून ठेवायचं काम काकांकडे दिलं आहे. चुना किती ते त्यांनी तिकिटाच्या मागं लिहून घेतलंय.